छपरावरील पर्जन्याचा जमाखर्च

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मध्यभागी, ॲपलेशियन पर्वताच्या समांतर धावणाऱ्या डोंगररांगांमधील एका सुपीक खोऱ्यात, रॉक स्प्रिंग्ज नावाच्या ठिकाणी पेन स्टेट विद्यापीठाचे एक विस्तीर्ण कृषिसंशोधन क्षेत्र आहे. पिकांच्या प्रयोगांसाठी राखून ठेवलेल्या या जमिनीवर एकविसाव्या शतकाच्या आरंभी काही चिमुकल्या इमारती उभारण्यात आल्या. त्यांत कोणी राहावयाचे नव्हते, की धान्य साठवावयाचे नव्हते. त्यांना छप्पर असावे आणि त्या छपरावर पाऊस पडावा, एवढेच त्यांचे प्रयोजन होते. आकाराने व उताराने या इमारती सारख्याच होत्या. मात्र काहींच्या माथ्यावर नेहमीचे डांबरी आच्छादन होते, तर उरलेल्यांच्या माथ्यावर सुमारे 9 सेंटिमीटर जाडीचा हलक्या खनिज मातीचा थर आणि त्यात सेडम नावाची, मांसल पानांची, जमिनीलगत पसरणारी वनस्पती. पाऊस आला की प्रत्येक छपरावरून ओघळणारे पाणी पन्हळीतून नळीवाटे पिंपात जाई, आणि त्या पिंपातील पातळी कशी व केव्हा चढली याची नोंद यंत्र करून ठेवी.

प्रयोगाची ही मांडणी साधी आहे. परंतु तिचे महत्त्व फार मोठे आहे असे मला वाटते. हरित छपरांविषयी जगभर पुष्कळ लिहिले जाते. ती पाणी अडवतात, उष्मा कमी करतात, हवा शुद्ध करतात, पक्ष्यांना आश्रय देतात, असे त्यांचे गुणवर्णन बांधकामाच्या प्रत्येक माहितीपत्रकात छापलेले असते. यांपैकी खरे किती आणि केवळ हिरव्या रंगाच्या दर्शनाने मनाला वाटलेले किती, याचा निवाडा करावयाचा तर एकाच पावसात भिजलेली दोन छपरे शेजारीशेजारी असावी लागतात, आणि त्यांचा हिशेब ठेवणारा माणूस वर्षानुवर्षे जागेवर असावा लागतो. या दोन्ही गोष्टी अमेरिकेत प्रामुख्याने विद्यापीठांनी पुरविल्या.

छप्पर म्हणजे पाणी घालवून देण्याची युक्ती, अशी मनुष्याची आजवरची समजूत. एका घरापुरते पाहिले तर ती योग्यच आहे. पण शहरात घरांशेजारी घरे, त्यांच्या मध्ये डांबरी रस्ते आणि मोटारींसाठी फरसबंदी, अशी मैलोगणती जमीन झाकली गेली म्हणजे प्रत्येकाने घालवून दिलेले पाणी एकाच घटकेला एकाच गटाराच्या तोंडाशी येऊन उभे राहते. अमेरिकेच्या ईशान्येकडील आणि सरोवरांच्या प्रदेशातील जुन्या शहरांत तर मैला आणि पाऊसपाणी एकाच नळातून वाहून नेण्याची एकोणिसाव्या शतकातील व्यवस्था अद्याप चालू आहे. अशा व्यवस्थेवर अवलंबून असलेली लोकसंख्या सुमारे चार कोटी आहे. जोराची सर आली की नळाची क्षमता संपते, आणि शुद्धीकरण केंद्राकडे जावयाचा मैला पावसाच्या पाण्याबरोबर थेट नदीत जातो. 1972 साली केंद्र सरकारने स्वच्छ जलाचा कायदा केला. तथापि जमिनीखाली गाडलेले सहस्रावधी मैलांचे नळ कायद्याने बदलत नाहीत. म्हणून नगरपालिकांच्या अभियंत्यांना असा प्रश्न पडला, की नळ मोठा करण्याऐवजी नळाकडे येणारे पाणीच उशिरा आणता येईल काय? छपराच्या हिरवाईचा अमेरिकेतील खरा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो. सौंदर्यदृष्टी तिला नंतर येऊन मिळाली.

रॉक स्प्रिंग्जच्या पिंपांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर असे. 2002 सालच्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत पडलेल्या सात पावसांचे मापन करण्यात आले. हरित छपरांनी सरासरीने 45 टक्के पाणी राखून ठेवले. परंतु एकेका पावसाचा आकडा वेगळा काढला तर तो 19 पासून 98 टक्क्यांपर्यंत हेलकावे खात होता. पाणी वाहू लागण्यास सरासरी 5.7 तासांचा विलंब झाला. आता, शरद ऋतूच्या उत्तरार्धात, जेव्हा ऊन मंदावलेले आणि वनस्पतींची वाढ थांबत आलेली असते, तेव्हाचे हे आकडे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे वर्षभराच्या नोंदी जमल्या आणि पेन स्टेटच्या उद्यानविद्या विभागातील रॉबर्ट बर्गहेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी जो अहवाल सिद्ध केला, त्यात वार्षिक पर्जन्याचा निम्मा भाग हरित छप्पर परत हवेत पाठवू शकते असा निष्कर्ष निघाला. उन्हाळ्यात जवळजवळ सर्व पाऊस छपरावरच जिरतो. हिवाळ्यात मात्र थोडाच.

या एका सरासरीच्या पोटात किती वेगवेगळी वर्तने दडलेली असतात, ते पाहण्याजोगे आहे. छपरावरचा मातीचा थर ही एक लहानशी कोठी आहे. ती रिकामी असेल तर पाऊस तिच्यात मावतो. कालच्या पावसाने भरलेली असेल तर आजचा पाऊस वरच्या वर वाहून जातो. म्हणून कोठी किती मोठी आहे यापेक्षा ती दोन पावसांच्या दरम्यान किती लौकर रिकामी होते, हा खरा प्रश्न. फिलाडेल्फियाजवळील व्हिलानोव्हा विद्यापीठाने हा प्रश्न फार सुंदर रीतीने हाताळला. तेथील अभियांत्रिकी विद्यालयाच्या छपराचा एक लहान भाग 2006 साली हरित करण्यात आला, आणि पुढे छपराच्या रचनेचीच प्रतिकृती असलेली एक पेटी वजनकाट्यावर ठेवण्यात आली. पाऊस पडला की पेटीचे वजन वाढे; नंतरच्या दिवसांत ऊन, वारा आणि मुळे यांनी पाणी हवेत पोचविले की ते उतरत जाई. काट्याने दाखविलेली ती उतरण म्हणजेच बाष्पोत्सर्जन, म्हणजेच पुढच्या पावसासाठी मोकळी होणारी जागा. डोळ्यांना न दिसणारी एक क्रिया तराजूत तोलता आली, याहून अधिक समाधानकारक विज्ञान कोणते?

या कामासाठी सेडमच का, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. छपरावरची माती उथळ असते, तिच्याखाली पाषाणासारखे निर्जल आच्छादन असते, ऊन आणि वारा यांना तेथे अटकाव नसतो. अशा स्थळी सामान्य गवत दोन आठवड्यांत वाळते. सेडम ज्या कुळातील आहे त्याच कुळातील पानफुटी आपल्या अंगणात असते. पानाच्या कडेला फुटणारी तिची इवली रोपे पाहून लहान मुले हरखतात. या कुळातील अनेक वनस्पतींची रीत अशी, की दिवसा, बाष्प उडून जाण्याच्या भयाने, त्या पानांची रंध्रे मिटून घेतात; रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात. सूर्य उगवला की त्याच साठ्यातून अन्ननिर्मिती चालते. या क्रियेचा आरंभीचा एक सुगावा हिंदुस्थानात लागला, हे मला विशेष लक्षणीय वाटते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यातील सेवेत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी पानफुटीचे पान चाखून पाहिले, तेव्हा सकाळी ते आंबट लागे, दुपारपर्यंत त्याची चव निघून जाई. ही गोष्ट त्यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीला कळविली आणि ती 1815 साली प्रसिद्ध झाली. पानाची चव घड्याळाप्रमाणे का बदलते याची उपपत्ती लागण्यास पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला.

सेडमच्या या काटकसरीची परीक्षा मिशिगन स्टेट विद्यापीठात घेण्यात आली. 88 दिवस पाणी तोडूनही त्या वनस्पती जिवंत राहिल्या. मात्र वाढ टिकवावयाची असेल तर 6 सेंटिमीटर खोलीच्या मातीत 28 दिवसांतून एकदा आणि 2 सेंटिमीटरच्या मातीत 14 दिवसांतून एकदा तरी पाणी मिळावे लागते, असे दिसून आले. दुसऱ्या एका प्रयोगात मिशिगनमधल्या स्थानिक वनस्पतींच्या अठरा जाती सेडमच्या नऊ जातींबरोबर छपरासारख्या परिस्थितीत लावण्यात आल्या. पाणी देणे थांबविल्यावर सेडम तगले. स्थानिकांपैकी केवळ चार जाती भरवशाच्या ठरल्या. जे आपल्या मातीतले ते आपल्या छपरावरही रुजेल, असे आपण सहज धरून चालतो. पण छप्पर ही आपली माती नव्हेच.

पेन स्टेट आणि मिशिगन स्टेट या दोन्ही संस्था 1855 साली स्थापन झाल्या, आणि दोन्ही आरंभी शेतकीच्या शाळाच होत्या. 1862 साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर स्वाक्षरी केली आणि राज्याराज्यांतील अशा विद्यालयांच्या निर्वाहासाठी सरकारी जमिनीची देणगी दिली. त्याच वर्षी, काही आठवडे आधी, होमस्टेड कायदाही मंजूर झाला होता. त्या कायद्यान्वये पश्चिमेकडील माळरानावर वसाहतीस गेलेल्या कुटुंबांना नेब्रास्का व कॅन्सस येथे घरासाठी लाकूड मिळेना, दगड मिळेना. तेव्हा त्यांनी माळावरील गवत मुळांसकट नांगराने पट्ट्यापट्ट्यांनी कापून काढले आणि त्या ढेपांच्याच भिंती आणि त्यांचेच छप्पर केले. उन्हाळ्यात ती घरे थंड राहत, हिवाळ्यात ऊब देत. आणि मोठा पाऊस झाला की आकाश निवळल्यावरही छपरातून चिखलाचे थेंब गळत राहत. एकाच वर्षी झालेल्या दोन कायद्यांपैकी एकाने गवताची छपरे निर्माण केली आणि दुसऱ्याने, दीड शतकानंतर त्यांचा शास्त्रीय अभ्यास करणारी विद्यापीठे पोसली. वास्तुशास्त्राच्या विभागांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्या आधी, उद्यानविद्येच्या आणि मृदाशास्त्राच्या विभागांनी हा विषय हाती घेतला याचे कारण या वंशावळीत आहे. आधुनिक छपराची रचना मात्र जर्मनीकडून आली. तेथे जलरोधक पडदा, मुळे रोखणारा थर, निचऱ्याचा थर, गाळणी आणि त्यावर भाजलेल्या सच्छिद्र खनिजांची हलकी माती, ही उतरंड कित्येक दशकांच्या अनुभवाने ठरून गेली होती. घरे गळण्याची तक्रार त्यामुळे मिटली. अमेरिकनांना शोधावयाचे उरले ते एवढेच, की जर्मनीचा हिशेब मिशिगनच्या हिमात आणि जॉर्जियाच्या उकाड्यात लागू पडतो किंवा नाही.

मिशिगन स्टेटचा हरित छपरांचा उपक्रम 2000 साली सुरू झाला, आणि त्याला निमित्त झाली फोर्ड मोटार कंपनी. डिअरबॉर्न येथील आपल्या जुन्या रूज कारखान्याच्या नूतनीकरणात ट्रक जुळणीच्या इमारतीवर दहा एकरांहून मोठे सेडमचे छप्पर घालण्याचा तिचा संकल्प होता. एवढी मोठी जोखीम पत्करण्यापूर्वी कोणत्या वनस्पती, किती माती, कोणता निचरा, याचा निर्णय कोणी तरी करून द्यावयास हवा होता. तो भार प्राध्यापक ब्रॅडली रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलला. त्यांच्या प्रारंभीच्या एका प्रयोगात केवळ खडी पसरलेल्या छपराने 48.7 टक्के पाऊस राखला, तर वनस्पतींनी झाकलेल्या छपराने 82.8 टक्के. यात खडीच्या आकड्याकडे माझे लक्ष आधी जाते. साधी खडीदेखील निम्मा पाऊस रोखून धरते. तेव्हा हरित छपराला श्रेय द्यावयाचे ते या दोहोंतील अंतराचे. तुलनेसाठी शेजारी खडीचे छप्पर नसते, तर सारे श्रेय वनस्पतींच्याच खात्यावर जमा झाले असते.

जॉर्जिया विद्यापीठाच्या अथेन्स येथील आवारात झालेल्या मापनाने दुसरी एक गोष्ट पुढे आणली. पाव-अर्धा इंच पावसाची लहान सर आली तर छप्पर ती जवळजवळ पुरती गिळते. एक इंचाच्या आतील पावसांत राखलेले प्रमाण 90 टक्क्यांच्या थोडे खाली होते. तीन इंचांवरील पावसांत ते 50 टक्क्यांच्याही खाली आले. म्हणजे वर्षभराच्या बेरजेत छप्पर मोठे दानशूर दिसते, कारण वर्षातील बहुतेक पाऊस लहानच असतात. पण ज्या दिवशी नदी पात्र सोडते त्या दिवशी त्याचे साहाय्य सर्वांत कमी. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी शहरातील तीन पूर्ण आकाराच्या छपरांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध केला. शहर एक, पाऊस एक; तरीही वर्षाला राखलेल्या पावसाचे प्रमाण एका छपराचे 36, दुसऱ्याचे 47 आणि तिसऱ्याचे 61 टक्के निघाले. थराची जाडी आणि बांधणीची पद्धत वेगवेगळी, म्हणून फळ वेगळे. हरित छप्पर अमुक टक्के पाणी अडवते असे विधान कोणी केले की कोणते छप्पर, कोठले आणि कोणत्या ऋतूतले, असा प्रतिप्रश्न विचारण्याची सवय या आकड्यांवरून लावून घ्यावी.

उष्म्याच्या बाबतीत विद्यापीठांच्या बाहेरचा, परंतु प्रयोगाच्या दृष्टीने तितकाच चोख, असा एक दाखला शिकागोचा आहे. 1995 सालच्या जुलैमधील उष्णतेच्या लाटेत त्या शहरात सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर महापौर रिचर्ड डेली यांनी नगरपालिका भवनाच्या छपरावर बाग करविली आणि ती 2001 साली पुरी झाली. या भवनाची गंमत अशी, की ती दोन सरकारांची एक इमारत आहे: पश्चिमेचा अर्धा भाग नगरपालिकेचा, पूर्वेचा अर्धा कुक परगण्याचा. नगरपालिकेने आपल्या अर्ध्यावर माती आणि वनस्पती घातल्या. परगण्याचा अर्धा भाग डांबरी काळाच राहिला. 9 ऑगस्ट 2001 रोजी दुपारी पावणेदोनच्या सुमारास मोजणी झाली तेव्हा काळ्या भागाचा पृष्ठभाग सुमारे 76 अंश सेल्सियस तापलेला होता, आणि हरित भागाचा जागोजाग 33 ते 48 अंश. एकच इमारत, एकच सूर्य, आणि मध्ये दोन दप्तरांची हद्द. कोणत्याही प्रयोगशाळेने याहून उत्तम योजना केली नसती. अर्थात पृष्ठभाग थंड झाला म्हणजे खालची खोली तितकीच थंड झाली असे नव्हे. छपराखाली जाड उष्णतारोधक थर असेल तर खोलीला फरक थोडाच जाणवतो, आणि बहुमजली इमारतीत तो वरच्या मजल्यापुरताच राहतो. लाभ होतो तो छपराच्या आच्छादनाला, कारण रोजच्या प्रसरण-आकुंचनाने पडणाऱ्या भेगा टळतात. आणि काही अंशी साऱ्या मोहल्ल्याच्या हवेला.

जमेची बाजू लिहिली. आता खर्चाची लिहिणे प्राप्त आहे. पहिला खर्च पाण्याच्या गुणवत्तेचा. पेनसिल्व्हेनियात पडणारा पाऊस कोळशाच्या धुरामुळे फार काळ आम्लयुक्त होता. छपरावरची माती तो आम्लपणा मारते, हे रॉक स्प्रिंग्जला स्पष्ट दिसले. परंतु पिंपात आलेले पाणी पिवळसर होते आणि त्यात खतांतले क्षार होते. रोपे जोमाने वाढावीत म्हणून मातीत कंपोस्ट जास्त घातले की पहिल्या काही वर्षांत फॉस्फरस वाहून येतो, आणि तो तळ्यात पोचला की शेवाळ माजते. वर्षाचे एकूण पाणीच निम्म्यावर आले असल्याने क्षारांचे एकूण वजन तितके भयावह नसते. तथापि नदीला वाचविण्यासाठी बांधलेल्या छपराने तिला खत पाठवावे, ही गोष्ट गांभीर्याने घेतली पाहिजे, आणि मातीतील सेंद्रिय अंश कमी ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

दुसरा खर्च कार्बनचा. क्रिस्टिन गेटर, रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पाने, मुळे आणि माती मिळून दर चौरस मीटरला सुमारे 375 ग्रॅम कार्बन साठविला गेला. परंतु त्या छपराची माती भट्टीत भाजलेली असते, पडदे कारखान्यात बनलेले असतात. त्यांच्या निर्मितीत हवेत गेलेला कार्बन दर चौरस मीटरला सुमारे साडेसहा किलो. हे ऋण केवळ वनस्पतींच्या साठ्यातून फिटणारे नाही. विजेची व इंधनाची बचत जमेस धरली म्हणजे ते सुमारे नऊ वर्षांत फिटते, असा त्यांचा हिशेब होता.

आणि तिसरा खर्च रोख पैशाचा, ज्यावर विद्वानांत मतभेद आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर येथील संशोधकांनी 2008 साली असे प्रतिपादन केले, की चाळीस वर्षांच्या मुदतीत हरित छपराचा एकूण बोजा, आजच्या मूल्यात, साध्या छपरापेक्षा 20 ते 25 टक्क्यांनी कमी पडतो. कारण साधे छप्पर मध्येच एकदा बदलावे लागते आणि हरित छप्पर नाही. उलट कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 2014 साली पन्नास वर्षांचा हिशेब मांडून पांढऱ्या रंगाचे छप्पर सर्वांत किफायतशीर, आणि हरित छप्पर काळ्यापेक्षाही दर चौरस मीटरला 71 डॉलरने महाग, असा निर्णय दिला. दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. फरक पडतो तो छपराच्या आयुष्याविषयीच्या आणि पाऊसपाण्याच्या मूल्याविषयीच्या गृहीतांत. ही गृहीते खरी की खोटी हे ठरण्यास चाळीस वर्षे लागतील, आणि या शतकाच्या प्रारंभी बांधलेली छपरे अजून त्या वयाला पोचावयाची आहेत.

जीवसृष्टीचा लाभ मोजणे सर्वांत कठीण. तरी त्यातही मनोरम गोष्टी हाती लागल्या आहेत. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील क्रिस्टा मग्वायर आणि सहकाऱ्यांनी शहरातील दहा हरित छपरांची माती आणि पाच उद्यानांची माती तपासली, तेव्हा छपरांवर बुरशींचा एक वेगळाच, त्या खडतर स्थळाला साजेसा समाज नांदताना आढळला. शिकागोत मधमाश्यांची गणना झाली, तिच्यात मात्र उद्याने व माळराने यांच्या मानाने छपरांवर माश्यांची संख्या आणि विविधता कमीच भरली. छप्पर हे रानाची जागा घेत नाही. ते रानाची एक उथळ शाखा होऊ शकते.

यांतील बहुतेक मापने विद्यापीठांच्या आवारात किंवा त्यांच्या पुढाकाराने का झाली, हे आता सहज कळेल. विद्यापीठ हे एकाच वेळी शेकडो छपरांचे मालक, स्वतःच्या पाण्याचे आणि विजेचे बिल भरणारे ग्राहक, आणि संशोधकांचे आश्रयस्थान असते. खाजगी मालक इमारत विकून मोकळा होतो. नगरपालिकेत निवडणुकीबरोबर अग्रक्रम बदलतात. विद्यापीठाच्या मालमत्ता विभागाला मात्र तेच छप्पर चाळीस वर्षे सांभाळावयाचे असते. त्यातही धोका नाही असे नाही. संशोधनाचे अनुदान तीन-चार वर्षांचे असते, प्रबंध लिहिणारा विद्यार्थी पदवी घेऊन जातो, मापकांच्या तारा गंजतात, आणि छप्पर उरते ते केवळ पाहुण्यांना दाखविण्यापुरते. माझ्या मते ज्या हरित छपराची नोंदवही बंद पडली आहे त्याचे विद्यापीठाला मोल निम्म्याने उतरते. बागा तर कोठेही करता येतात.

महाराष्ट्रात या विषयाकडे पाहावयाचे तर आपल्याजवळ मातीच्या छपरांची स्वतःची परंपरा आहे, हे प्रथम आठवले पाहिजे. सोलापूर आणि मराठवाड्याकडील माळवदे, खानदेश-वऱ्हाडाकडील धाबी: तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला, आणि त्यावर हात-दीड हात चोपून बसविलेली पांढरी किंवा खारी माती. उन्हाळ्यात खालची खोली गार राहावी हा हेतू दोहोंचा एक. पण पाण्याशी वागणूक नेमकी उलट. खारी माती भिजली की तिचे कण फुगून छिद्रे मिटवितात आणि पाऊस वरून निघून जातो. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून माळवद चोपावे लागे आणि उगवलेले गवत उपटावे लागे, कारण मुळांच्या वाटेने पाणी आत शिरते. आपल्या छपराने माती पाणी घालवून देण्यासाठी वापरली. अमेरिकेच्या छपराने ती पाणी धरून ठेवण्यासाठी वापरली.

त्या देशातील आकडे येथे आणताना याहूनही मोठी अडचण ऋतुमानाची आहे. पेन स्टेटच्या परिसरात वर्षाला सुमारे 1000 मिलिमीटर पर्जन्य पडतो, आणि तो बाराही महिन्यांत वाटलेला असतो. दोन पावसांच्या दरम्यान कोठी रिकामी होण्यास अवधी मिळतो. मुंबईत एका जुलै महिन्यातच सरासरीने 800 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दहा सेंटिमीटर जाडीचा थर पुरता कोरडा असला तरी तीस-चाळीस मिलिमीटरच्या वर पाणी धरू शकत नाही. आषाढात तो आठवड्यांमागून आठवडे भरलेलाच राहणार. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी असले छप्पर पहिल्या अर्ध्या तासातच निरुपाय होऊन बसले असते. उष्म्याचेही तसेच. अमेरिकेच्या या भागात उन्हाळ्यातही पाऊस असतो, त्यामुळे ज्या महिन्यात ऊन कडक त्याच महिन्यात बाष्पोत्सर्जनाने छप्पर थंडावते. नागपूर किंवा सोलापूर येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर असताना आकाशातून थेंब नसतो. छप्पर हिरवे ठेवावयाचे तर त्या टंचाईत पाणी घालावे लागेल, आणि न घातले तर थंडावा बाष्पाचा नव्हे, केवळ मातीच्या जाडीचा मिळेल. तो मिळविण्यास सेडमची आवश्यकता नाही. माळवदाने ते काम करून दाखविलेच आहे.

तथापि पुण्यासारख्या ठिकाणी, जेथे सरी मुंबईइतक्या दाट नसतात आणि श्रावणात मधूनमधून उघडीप असते, तेथे काय होईल हे आधी सांगता येत नाही. मोजूनच पाहावे लागेल. कोणत्या वनस्पती लावाव्यात याचे सूत्र कॅनडातील हॅलिफॅक्स येथील जेरेमी लंडहोम यांनी 2006 साली सुचविले: छपरासारखी उथळ मातीची, उघडी, खडकाळ जागा निसर्गात जेथे असेल, तेथल्या वनस्पतींकडे पाहावे. त्यांच्याजवळ समुद्रकाठचे खडकाळ माळ होते. आपल्याजवळ सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्याचे सडे आहेत, आणि त्यांतील साताऱ्याजवळचे कास पठार सर्वांना ठाऊक आहे. तेथे खडकावर चार बोटे माती असते. चार महिने ती पाण्याखाली आणि आठ महिने भाजत राहते. तेरडा, गेंद, कवला, सीतेची आसवे या वनस्पती त्या चार महिन्यांतच उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात. वैशाखात सडा तांबूस, उघडाबोडका दिसतो; बी मात्र मातीत असते. असे छप्पर बारमाही हिरवे राहणार नाही, आणि त्याला उन्हाळ्यात पाणीही लागणार नाही. ते पहिल्या मृगाच्या सरींना किती धरते, श्रावणातील उघडिपीत किती दिवसांत कोरडे होते, आणि बी पुढील जूनपर्यंत तेथे टिकते की वाऱ्याने उडून जाते, हे तीन प्रश्न घेऊन एखाद्या विद्यापीठाने शेजारीशेजारची दोन छपरे, दोन पिंपे आणि एक पर्जन्यमापक यांची तरतूद केली, तर पाच पावसाळ्यांत उत्तर हाती येईल.